विहिरीची दुपार

आमच्या ओटीवर एक घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. घरातली वेळ ठरवायचा तो वाडीतला रहाट. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की आई चुलीपुढे बसलेली असायची. ती कुरकुर संथ झाली की समजायचं, बैल दमला आणि माझी शाळेची वेळ झाली. उन्हं डोक्यावर आली की रहाट थांबायचा, आणि तो थांबला की समुद्र ऐकू यायचा. समुद्र काही दुपारी नव्याने येत नसे, सकाळभर तिथेच असायचा. पण रहाटापुढे त्याचं काही चालत नसे. घिवलीच्या अलीकडच्या आमच्या गावात बहुतेक घरं अशीच होती. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीत केळी, माड, थोडे चिकू, पानवेलीचे मांडव आणि मधोमध विहीर. आज पालघरच्या फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहिते आहे. इथे नळ सोडला की पाणी येतं, बंद केला की थांबतं, आणि त्यात ऐकण्यासारखं काही नसतं.

रहाट थांबला की बाबा कबऱ्याला, म्हणजे आमच्या बैलाला, सोडून सावलीत बांधत आणि विहिरीच्या कठड्यावरची बादली पालथी घालत. बादली पालथी म्हणजे विहीर निजली. समुद्राकडच्या माडाची सावली कठड्याला येऊन लागेपर्यंत कुणीही, कशासाठीही पाणी काढायचं नाही. हा नेम कुणी घातला ते बाबांना ठाऊक नव्हतं आणि विचारलेलं आवडतही नसे. "निजलेल्या मानसाला उठवतो काय आपन?" एवढंच म्हणायचे. माझ्या आत्याला बघायला मंडळी आली ती नेमकी भर दुपारी. त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं आणि घरातला हंडा रिकामा. आईने डोळ्यांनी बाबांची किती विनवणी केली असेल! पण बाबांनी शांतपणे माडावरून शहाळी उतरवली आणि म्हणाले, "आधी पिऊन घ्या. पाय मागनं धुवा." लग्न मोडणार म्हणून आत्या आत रडत बसली. लग्न जमलं. मुलाच्या वडिलांना म्हणे शहाळी फार आवडली. नेमाचं कौतुक त्यांनी केलं असं बाबा नंतर सांगत फिरायचे, पण ते मी ऐकलेलं नाही.

विहिरीचं पाणी मात्र कौतुक करावं असंच होतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोड. आई म्हणायची, या पाण्याला तूरडाळ नुसती दाखवली तरी शिजते. खाली समुद्राकडच्या पाड्यात मासेमारी करणारी घरं होती, तिथली विहीर खारी. म्हणून सावली कठड्याला लागली, बाबांनी बादली सुलटी केली की पाड्यातल्या बाया कळश्या घेऊन येत. सगळ्यांच्या पुढे हिरूबाय. पाणी भरून झालं की प्रत्येक जण विहिरीजवळच्या सपाट दगडावर मूठभर काहीतरी ठेवून जाई. कधी जवळा, कधी करंदी, कधी दोन-तीन ओले बोंबील. कुणी मागत नसे आणि कुणी विसरत नसे. आमच्या मांजराला या देवघेवीची वेळ आमच्या आधी कळे. संध्याकाळी आई कैरी घालून करंदीचं कालवण करी आणि तांदळाच्या भाकऱ्या थापी. तो वास आजही मला कुठे आला तर मी पंगतीतून उठून स्वयंपाकघरात डोकावते, इतकी निर्लज्ज झाले आहे मी या वयात.

माझे धाकटे काका, सदाकाका, बोईसरला एका कारखान्यात होते आणि तिथेच चाळीत राहत. चाळीत कुणी सांगलीकडचे, कुणी खानदेशातले, कुणी थेट बिहारचे. सगळ्यांना पाणी एकाच बोअरिंगचं. ते पाणी पिवळट असे आणि त्याला औषधाच्या दुकानासारखा वास येई. चाळीमागून नाला वाहायचा. त्याचा रंग सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. मी एकदाच तिथे राहायला गेले होते. काकांनी मोठ्या हौसेने चहा केला, तो मी पिऊ शकले नाही आणि तसं सांगूही शकले नाही. काकांना ते कळलं. पुढच्या रविवारी ते सायकलला दोन कॅन बांधून घरी आले आणि आमच्या विहिरीचं पाणी भरून घेऊन गेले. मग दर रविवारी तेच. चाळीत पाहुणा आला, बाळ जन्मलं, कुणी तापाने पडलं, की लोक वाटीभर पाणी काकांकडे मागू लागले. काकांना नाही म्हणता येत नसे. हा त्यांचा गुण होता आणि आमच्या गोष्टीची सुरुवातही तिथूनच झाली.

एका रविवारी काका टेंपोतून उतरले. टेंपोत रिकामी पिंपं आणि गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची मोटर, कुणाच्यातरी शेतावरून काढलेली, पण चालू. "दादा, कबऱ्या म्हातारा झाला. तुमी बी झाले," काका बाबांना म्हणाले. "आता बटन दाबा, पानी घ्या. वाडी भिजंल आनि माझ्या चाळीला बी दोन-चार पिंपं मिळतील."

बाबा मोटरभोवती दोनदा फिरले. "दुपारची बंद ठेवायची. नेम म्हंजे नेम."

"ठेवू की! नेमाला कोन हात लावतो?"

आणि खरोखर कुणी लावला नाही, हे मला आवर्जून लिहायचं आहे. मोटर सकाळी चाले, उन्हं डोक्यावर आली की बाबा स्वतः बटन बंद करत आणि बादली पालथी घालत. रहाटाला जे काम करायला सकाळभर लागे ते मोटर चहा होईपर्यंत उरकायची आणि उरलेल्या वेळात आणखी उपसायची. पाटातून पाणी नुसतं धावायचं. पानवेली अशा तरारल्या की बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून मांडवात न्यायचे. कबऱ्या बसून बसून फुगला. टेंपो पिंपं भरून जायचा, चाळीतल्या बायकांनी आईसाठी तिळाची चटणी आणि बिहारकडची लिट्टी पाठवली होती. सगळं घर खूश होतं. मीसुद्धा खूश होते, कारण रहाटापाशी बसून बैलाला हाकायचं माझं काम गेलं होतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस डाळ शिजेना. आईने डाळीला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी लाकडं ओली म्हणून लाकडांना. तिसऱ्या वेळी वाण्याला इतकं बोलली की त्याने बिचाऱ्याने डाळ बदलून दिली. तीही शिजली नाही. चहात दूध घातलं की फाटू लागलं. पण पाणी बिघडलं असेल हे आमच्या कुणाच्या मनातच येत नव्हतं. ते शेवटी हिरूबायने सांगितलं. तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, बाजूला थुंकलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "वहिनी, राग नको धरू. तुमची बाव खारावली."

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. बाव खारावणं म्हणजे घरातलं कुणी अंथरुणाला खिळण्यासारखंच. पानवेलींच्या पानांच्या कडा जळू लागल्या. चिकू तग धरून होते, पण वेली नाजूक, त्या रोज थोड्या थोड्या मान टाकत. पाड्यातल्या बाया आता पार गावाच्या वरच्या टोकाला, देवळाजवळच्या विहिरीवर जाऊ लागल्या आणि त्यांच्यात आईही कळशी घेऊन जाऊ लागली. तरी संध्याकाळी दगडावर मूठ पडतच होती. आईने हिरूबायला हटकलं, आता कशाला, आता तर पाणी नेत नाहीस. हिरूबाय म्हणाली, "बावीला नाय देत आमी. तुला देतो." आई त्या दिवशी करंदी निवडताना डोळे पुसत होती आणि मिरचीचं निमित्त सांगत होती.

गावात एकच बोलणं, बोईसरचं घाण पाणी जमिनीखालून इथवर पोहोचलं. बाबांनाही तेच पटलं. आणि बोईसरचा म्हणून घरात एकच माणूस होता. "तुमच्या कारखान्यांनी आमची बाव खाल्ली," बाबा एकदा ताटावर बसल्या बसल्या काकांना म्हणाले. काका कारखान्याचे मालक असल्यासारखे ते मान खाली घालून ऐकत राहिले. त्या उन्हाळ्यात बाबा पानवेली उपटून टाकायच्या गोष्टी करू लागले. वेली गेल्या असत्या तर बाबांचं काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांना दुसरं काही करताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हा मी नववीत होते. आमच्या विज्ञानाच्या बाई वऱ्हाडातल्या, त्यांचे यजमान अणुवीज केंद्रात नोकरीला होते आणि त्या केंद्राच्या कॉलनीत राहत. बाई फळ्यावर दोन रकाने करून शिकवत होत्या, संपणारी साधनं आणि पुन्हा भरणारी साधनं. कोळसा, तेल इकडे. ऊन, वारा, पाणी तिकडे. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, पाणी पुसा. आमची विहीर नाही भरत परत. भरते ती खारी भरते." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "उद्या पाणी घेऊन ये," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाणी दिव्यावर आटवलं. तळाशी पांढरी पूड राहिली. रंग नाही, वास नाही. बाईंनी बराच वेळ ती न्याहाळली आणि म्हणाल्या, "हे कारखान्याचं दिसत नाही गं. हा समुद्र आहे. पण घरच्यांना नुसतं सांगून पटायचं नाही. रविवारी मीच येते."

आल्या त्या भर दुपारी, कॉलनीतून सायकलने, घामाघूम होऊन, आणि आल्या आल्या पाणी मागितलं. बादली पालथी होती. विहीर खारी झाली तरी बाबांचा नेम गोड होता. आईने देवळाजवळून आणलेलं पाणी दिलं म्हणून वाचलो. मग बाईंनी आईकडून लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागून घेतली. मला समुद्रावर पिटाळून कळशीभर पाणी आणवलं, त्यात बीट किसून घातलं आणि ते लाल खारं पाणी गाळून अर्धी बरणी भरली. त्यावर चमच्याच्या पाठीवरून, अगदी हळू, गोड पाणी सोडलं. ते वरच राहिलं. खाली लाल, वर स्वच्छ.

"ही तुमची वाडी," बाई म्हणाल्या. "खाली समुद्राचं पाणी पहिल्यापासूनच आहे. तुमचं गोड पाणी पावसाचं, ते हलकं, म्हणून त्याच्यावर तरंगतं. आता सदाभाऊ, तुम्ही या."

मी पपईच्या पानाचा लांब देठ तोडून आणला होता, तो आतून पोकळ असतो. काकांनी तो वरच्या पाण्यात धरला. "हळू ओढा," बाई म्हणाल्या. काकांनी हळू ओढलं. "गोड," म्हणाले. "आता जोरात. मोटर ओढते तसं." काकांनी गाल आत घेऊन ओढलं आणि आम्हां सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मधोमध लाल पाण्याचं टेकाड उठलं आणि देठाच्या तोंडाला जाऊन लागलं. काकांनी थू करून अंगणात थुंकलं.

मग बाबा बोलले, थोडे दुखावून, "पन बाई, नेम आमी पाळला होता. दुपारची एक बादली नाय काढली."

"पाळलात ना. नेम चांगलाच आहे तुमचा. पण तो बैलाच्या चालीवर बसवलेला आहे. बैल सकाळभर हिंडून काढेल तेवढं ही मोटर चहा होईपर्यंत काढते. मग दुपारी झोपून विहिरीची थकावट कशी जाणार?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा भरणारं म्हणजे कधीच न संपणारं नव्हे. भरतं त्याहून जास्त उपसलं तर तेही संपतं. हे लक्षात ठेव. काकांच्या चाळीतलं पाणी बिघडलं कारण त्यात भलतं काही सोडलं. तुमचं बिघडलं ते भलतं उपसल्यामुळे."

मी पुढे विज्ञानच शिकवलं, डहाणूपासून पालघरपर्यंतच्या शाळांतून. हा धडा आला की लोणच्याची बरणी आणि बीट घेऊन वर्गात जायचे. मुलं लाल टेकाड उठलं की ओरडायची. त्यांना मी काकांचं नाव कधी सांगितलं नाही.

काकांनी त्याच दुपारी मोटर सोडवली. मग ओटीवर येऊन उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "दादा, माझ्यापायी खारावली. ही गोड होईस्तोवर मी या घरचं पानी पिनार नाय."

"येडा हायस काय?" बाबा ओरडले. "घरचं पानी तसं बी आता देवळाकडचं हाय!"

"तरी नाय."

आम्हाला वाटलं, विसरतील. विसरले नाहीत. दर रविवारी येत ते चाळीतलं पिवळट पाणी बाटलीत भरून घेऊन. जेवताना आमच्या देखत तेच पीत. आई समोर तांब्या ठेवायची, तो तसाच परत जायचा. बाबांनी आधी रागावून पाहिलं, मग बोलणं सोडलं, मग एकदा हात जोडले. बाबांनी कुणापुढे हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. काकांनी ते हात धरून खाली केले आणि भात कालवायला घेतला. विहीर गोड झाली नसती तर काका तसेच पीत राहिले असते, आणि चाळीतल्या दोघांचं पोट त्या पाण्याने कायमचं बिघडलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून विहीर गोड व्हायलाच हवी होती. पानवेलींसाठी हवी होतीच, पण त्याहून जास्त काकांसाठी.

बाई सांगून गेल्या होत्या, वाडीत जितकं पावसाचं पाणी मुरेल तितका समुद्र मागे सरेल. वाडीच्या वरच्या कोपऱ्यात पूर्वी एक खड्डा होता. त्यात पावसाचं पाणी साठे, म्हशी डुंबत. मोटर आल्यावर आम्ही तो झावळ्या आणि फुटक्या कौलांनी बुजवला होता. उन्हाळा सरता सरता काका चाळीतली माणसं घेऊन तो उकरायला आले. ज्यांनी आमचं पाणी प्यायलं होतं ती सगळी. बिहारचा एक उंचापुरा माणूस कुदळ मारता मारता बाबांना म्हणाला, "चाचा, हमने पिया है, तो हम ही भरेंगे." आईने केळीच्या पानावरच्या पानग्या इतक्या केल्या की वाडीतली खालची केळ उघडी पडली. हिरूबायने टोपलीभर सुकट भाजून आणली. लग्नघरासारखा गोंधळ होता आणि काका तेवढे बाजूला बाटली घेऊन बसलेले.

कबऱ्याला पुन्हा रहाटाला जुंपलं. तो दोन पावलं गेला आणि उभा राहिला. फुगलेलं पोट आणि माझ्याकडे बघणारे ते डोळे! मला पुन्हा त्याच्यामागे बसावं लागलं. आम्ही दोघांनी ते काम सारख्याच नाखुशीने केलं.

पावसाळा आला आणि गेला. पाणी खारं होतं ते मचूळ झालं, त्यापुढे जाईना. आई दर रविवारी आमच्या विहिरीच्या पाण्यात वेगळ्या टोपात मूठभर डाळ चढवायची, काका यायच्या आधी. झाकण काढून बघायची आणि तो टोप म्हशीपुढे रिता करायची. वेली निम्म्या गेल्या, निम्म्या राहिल्या. बाबांनी उपटल्या नाहीत. दुसरा पावसाळाही गेला. खड्डा काठोकाठ भरला होता आणि त्यात कुठून तरी बेडकं आली होती.

आता, इतक्या वर्षांनी, वाडी बघणारा माझा भाचा म्हणतो, मावशी, विहिरीवर लहानसा सौर पंप बसवू, संथ चालणारा, विजेचं बिल नाही. मला कल्पना पटते. अडचण एकच आहे. तो पंप सगळ्यात चांगला चालतो दुपारी. या एका मुद्द्यावरून आमची फोनवर दर आठवड्याला वादावादी होते आणि मला त्यात भलतीच मजा येते.

त्या दुसऱ्या पावसाळ्यानंतरची दिवाळी उलटून गेल्यावरचा तो रविवार. आईने टोपावरचं झाकण काढलं आणि माझ्या नावाने अशी हाक मारली की मला वाटलं भाजली. मी धावत गेले. तिने पळी बुडवून वर काढली. डाळ विरघळून गेली होती, एक दाणा अख्खा नव्हता. आईने पळी माझ्या हातात दिली आणि तिथेच चुलीपुढे भिंतीला टेकून बसली, हसत की रडत, मला कळेना.

रहाट नुकताच थांबला होता. बाबांनी कबऱ्याला बांधून बादली पालथी घातली होती. आईने त्यांना सांगितलं तेव्हा ते ओटीवरून उतरून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. सायकल दिसली. काका घामाने निथळत आले, सायकल चिकूला टेकवली आणि सवयीने पिशवीतल्या बाटलीकडे हात नेला.

"ठेव ती," बाबा म्हणाले. "डाळ शिजली."

काकांनी पिशवी सायकललाच सोडली. मग विहिरीकडे चालू लागले, बाबा त्यांच्या पुढे, जवळजवळ धावत. बाबांनी कठड्यावरच्या बादलीला हात घातला. माझ्या उभ्या आयुष्यात पाहुण्यांसाठी, आत्याच्या लग्नासाठी, कुणासाठीही जी सुलटी केली नव्हती ती बादली, भर दुपारी, भावासाठी.

काकांनी त्यांचं मनगट धरलं. "निजू दे तिला, दादा. मी थांबतो."

दोघे कठड्याला टेकून खाली बसले. आईने जेवायला हाक मारली, कुणी उठलं नाही. मीही थोडी अलीकडे बसले. रहाट बंद होता, समुद्र ऐकू येत होता. माडाची सावली हळूहळू वाळलेल्या पानांवरून, मग सपाट दगडावरून सरकत आली. ती कठड्याला लागली तेव्हा बाबा उठले आणि त्यांनी बादली सुलटी केली.